काट्यासाठी जागा

आज एका लहानशा वस्तूपाशी निवांत बसू. पत्र्याचं एक ब्रॅकेट. वीतभर लांब, त्याला दोन गोल भोकं. एका भोकात इंजिनच्या पाण्याचं तापमान दाखवणारं मीटर बसेल, दुसऱ्यात ऑइल प्रेशरचं. एका जुन्या जीपच्या डॅशबोर्डवर ते लागणार आहे, आणि ती जीप अकोल्याहून राजूर-शेंडीकडे माणसं नेते. तयार ब्रॅकेट दुकानात मिळतात, पण ती दुसऱ्या कुठल्यातरी गाडीच्या आणि दुसऱ्या कुणाच्यातरी नजरेच्या मापाची असतात. आपलं आपण करू. घाई करायची नाही. मन जिथे रेंगाळेल तिथे त्याला रेंगाळू द्या.

आधी रस्ता डोळ्यांसमोर आणा. कोल्हार-घोटी रस्त्याने अकोलं सोडलं की प्रवरेकाठचा ऊस हळूहळू मागे पडतो. विठा घाट येतो, मग राजूर, मग शेंडी आणि भंडारदरा, आणि पुढे बारीला कळसूबाईचा पायथा. गाडीत बाजार करून परतणाऱ्या बायका आहेत, दवाखान्याला निघालेलं एखादं म्हातारं माणूस आहे, टपावर पोती आहेत. चढ लागला की ड्रायव्हर दुसरा गिअर टाकतो. इंजिन जोर लावतं, उष्णता वाढते, पण वेग कमी म्हणून रेडिएटरमधून जाणारी हवाही कमी. उंचीमुळे पाणी जरा लवकर उकळायला बघतं. दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग आत दाब धरून ठेवते, म्हणून एरवी हे जाणवत नाही. झाकणाचं रबर कडक झालं असलं की जाणवतं.

या क्षणी इंजिनच्या आत काय चाललंय ते गाडीतल्या कुणालाच दिसत नाही. इथे थोडं थांबा. इतकी माणसं एका यंत्राच्या भरवशावर डोंगर चढताहेत. गाडी हीट झाली की आधी वास येतो, मग बॉनेटच्या फटीतून वाफ, आणि तोवर हेड गॅस्केटला धक्का बसलेला असू शकतो. कंपनीने दिलेला काटा बऱ्याच गाड्यांत मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. तापमान एका पट्ट्यात खालीवर झालं तरी तो मध्यावरच बसून राहतो, म्हणजे गिऱ्हाईक उगाच धास्तावत नाही. कित्येक नव्या छोट्या गाड्यांत तर काटाच नाही, थेट लाल दिवा. दिवा लागतो तो शेवटी. काटा आधीपासून बोलत असतो. नेहमी ८५ अंशांवर असणारा काटा ९० वर आला, ९५ वर आला, तिथे थबकला की अजून चढतोच आहे, हे ज्याला दिसतं त्याच्या हाताशी गाडी बाजूला घ्यायला वेळ असतो. त्या वेळेसाठी हे सगळं काम.

आपल्या प्रवरेच्या खोऱ्याला काटा बघत राहण्याची जुनी सवय आहे. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं. त्याची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट, आणि हा आकडा लाभक्षेत्रातल्या शाळकरी पोराच्याही तोंडी असतो. आषाढात पाऊस धरला की अकोल्यापासून संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरपर्यंत एकच चौकशी: भंडारदरा किती झालं? धरणावर पातळी वाचणारा माणूस पाण्यात एका थेंबाचीही भर घालत नाही. तरी त्याच्या आकड्यावर आवर्तनाची, पेरणीची, उसाच्या लागणीची गणितं बसतात. आज किती आहे एवढ्यावर कुणाचं भागत नाही. काल किती होतं आणि रात्रीत किती वाढलं, हेही विचारतात. जीपमधल्या काट्याकडे अशाच नजरेने बघायचं असतं.

आता ड्रायव्हरच्या जागेवर बसा. मनानेच बसा. हात स्टिअरिंगवर, नजर समोर. ताशी ४० च्या वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे जाते. घाटातल्या वळणावर ११ मीटर म्हणजे किती, ते विठा घाट चढलेल्याला सांगायला नको. मीटर गुडघ्यापाशी लावलं तर मान खाली जाईल, डोळे शोधतील, सापडल्यावर आकडा वाचतील, मग परत वर येतील. तेवढ्यात वळण आलं. मीटर नजरेच्या वाटेवर, जरा खाली आणि जरा बाजूला असेल, तर मान हलवावी लागत नाही. आपल्या हातातल्या पत्र्याचं सगळं काम एवढंच आहे: ड्रायव्हरचे डोळे रस्त्यावरून कमीत कमी काळ हटावेत. पुढची प्रत्येक रेघ, प्रत्येक भोक आणि प्रत्येक वाक याच्याशी ताडून बघायचं.

म्हणून सुरुवात पुठ्ठ्याने. खोक्याचा जाडसर पुठ्ठा घ्या, त्यावर मीटरच्या मापाची दोन वर्तुळं काढा आणि चिकटपट्टीने डॅशवर लावून बघा. बघायला ड्रायव्हरलाच बसवा. बनवणारा माणूस उंच असेल आणि ड्रायव्हर ठेंगणा, तर बनवणाऱ्याच्या डोळ्यांना बरोबर दिसणारी जागा स्टिअरिंगच्या कड्यामागे लपलेली निघेल. त्याला सरळ बसू द्या, दमल्यावर बसतो तसं टेकून बसू द्या, वळणावर स्टिअरिंग फिरवल्यासारखं करू द्या. मीटरची तबकडी त्याच्या डोळ्यांकडे किंचित वळलेली हवी. काटा तबकडीपासून थोडा वर असतो, त्यामुळे तिरकं बघितलं की शेजारचाच आकडा वाचला जातो. मग गाडी उन्हात उभी करून काचेत काय चमकतं ते बघा. पुठ्ठा कापायला, फेकायला आणि पुन्हा कापायला काही लागत नाही. वर्कशॉपमध्ये या टप्प्याला सगळ्यांत कमी वेळ मिळतो याचं मला फार वाईट वाटतं, कारण पुढे कितीही सफाईने काम केलं तरी इथे चुकलेली जागा दुरुस्त होत नाही.

पुठ्ठ्याला ड्रायव्हरने होकार दिला की पत्रा. साधा सीआर पत्रा, १६ गेज, म्हणजे १.६ मिलिमीटर जाड. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पत्रा टाळलेला बरा. वेल्डिंगचा टॅक मारायची वेळ आली तर जस्ताचा धूर छातीत जातो. पत्रा हातात घेऊन दोन बोटांनी वाकवून बघा. सपाट असताना तो डुगडुगतो. त्याच्या कडेला एक घडी पडली की हाच पत्रा ताठ होतो. ते आपल्याला लवकरच लागणार आहे.

आता मार्किंग. स्टीलची पट्टी, गुन्या, कंपास. बाजारात मिळणारी बहुतेक जादा मीटरं ५२ मिलिमीटर भोकात बसतात, पण छापील मापावर विसंबू नका. व्हर्निअरने आपलं मीटर मोजा. समोरची कडी भोकापेक्षा मोठी असते, म्हणून दोन भोकांच्या केंद्रांत अंतर ठेवताना कड्या एकमेकींना घासणार नाहीत हे बघायचं. केंद्रावर सेंटर पंच ठेवून हातोडीचा एकच नेमका ठोका. भोकाची रेघ स्क्रायबरने खोल काढली तरी चालते, ती कापूनच जाणार आहे. जिथे पत्रा वाकणार आहे तिथे मात्र पेन्सिल. वाकणाऱ्या जागी खोल ओरखडा राहिला तर महिनोन्‌महिने हादरे खाऊन तडा तिथूनच जायला लागतो.

होल सॉ असेल तर भोक लवकर होतं: पत्र्याखाली लाकूड, दोन्हीकडे क्लॅम्प, मशीन सावकाश, थेंबभर तेल. पण जुनी रीत एकदा मनाने करून बघू, कारण ती आपल्याला त्या वर्तुळाजवळ थांबवते. ५२ च्या रेघेच्या आत ४७ मिलिमीटर व्यासाचं दुसरं वर्तुळ काढायचं. त्यावर दर पाच मिलिमीटरला पंचाचा ठिपका. मग ४ मिलिमीटरच्या ड्रिलने एकेक भोक. साधारण तीस भोकं होतात. दोन भोकांमध्ये मिलिमीटरभर धातू उरतो. बारीक छिन्नीने तो तोडत गेलं की मधली चकती खाली पडते आणि दातेरी कडेचं भोक उरतं. रेघ अजून अर्ध्या मिलिमीटरवर आहे. आता अर्धगोल कानस.

इथे सगळ्यांत जास्त वेळ थांबू. पत्रा व्हाइसमध्ये शक्य तितका खाली धरलेला, नाहीतर तो थरथरतो आणि कानस किंचाळते. आयटीआयच्या फिटर ट्रेडला पोरांना सुरुवातीलाच कानशीपाशी उभं करतात, ते यासाठीच. एक पाय पुढे, मनगट सरळ, दाब फक्त पुढे जाताना; मागे येताना कानस उचलायची. पुढे ढकलता ढकलता ती वर्तुळाच्या अंगाने थोडी वळवायची. दातेरी टोकं आधी झटकन जातात, मग वेग मंदावतो. पत्र्याचा चुरा बोटांना काळा लागतो. रेघ अर्धी दिसते, अर्धी नाही. मीटर लावून बघायचं: जात नाही. कुठे अडतंय ते डोळ्यांना कळत नाही, बोटाला कळतं. त्या जागी दोन हात मारायचे. पुन्हा लावायचं. मीटर जेव्हा स्वतःच्या वजनाने सरकत आत जातं आणि कडीवर टेकतं, तेव्हा थांबायचं. आणखी एक हात मारावासा वाटतो. तो मारायचा नाही. सैल भोकात मीटर घट्ट आवळलं तरी हादऱ्याने फिरायला लागतं.

असा धीर मोठ्या कामांच्या मुळाशी असतो. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातले भाग जोडून जीपसारखी गाडी उभी केली होती. २०२२ च्या जानेवारीत ती गाडी उद्योगपती आनंद महिंद्रांकडे गेली आणि लोहारांना तिच्या बदल्यात बोलेरो मिळाली, तेव्हा सगळीकडे त्या हाताने केलेल्या गाडीचे फोटो झळकले. ते फोटो बघताना माझी नजर जोडांवर जात होती. हाताने केलेली गाडी म्हणजे असंख्य ब्रॅकेट. एका गाडीचा भाग दुसरीच्या अंगावर बसवताना प्रत्येक ठिकाणी कुणीतरी पुठ्ठा धरून बघितलेला असतो, किंवा निदान डोळ्यांनी माप घेतलेलं असतं. आपण अशा असंख्यांतलं एकच करतो आहोत, म्हणून त्याला पुरता वेळ देता येतो.

आता वाक. व्हाइसच्या जबड्यात दोन अँगलच्या मध्ये पत्रा, पेन्सिलची रेघ बरोबर कडेला, आणि लाकडी मोगरीने ठोके. एकाच जागी मारत बसायचं नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत थोडं थोडं. वाकताना बाहेरचा थर ताणला जातो, आतला दबतो, म्हणून मापाचा हिशेब जरा वेगळा पडतो. बाहेरून ७० आणि ३० मिलिमीटरचा काटकोन हवा असेल आणि आतली गोलाई पत्र्याच्या जाडीएवढी ठेवली, तर पट्टी १०० ची नको. सुमारे ९७ ची कापायची. आणि पत्रा पूर्ण काटकोनात आणला तरी मोगरी उचलल्यावर अंशभर मागे येतो. तेवढा तो जास्त वाकवायचा. लोखंडालाही आधीची सवय असते, ती धरून चालावं लागतं.

वरच्या आणि खालच्या कडेला आतल्या बाजूने एकेक घडी घालू. त्या घडीवर मन ठेवा, कारण ती एकटी दोन कामं करते. मोटारीच्या आतल्या भागांसाठीचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांत डोकं आदळू शकेल अशा जागी कडेची गोलाई किमान २.५ मिलिमीटर मागितली आहे. १.६ जाडीच्या पत्र्याची उघडी कड कितीही कानसली तरी तेवढी गोल होऊच शकत नाही. पत्र्याची जाडीच पुरत नाही. घडी घातली की बाहेरची गोलाई आपोआप ३ मिलिमीटरच्या वर जाते आणि उघडी धार आत लपते. ब्रेक करकचून लागला आणि पुढच्या सीटवरचं पोर डॅशवर आलं, तर त्याच्या कपाळाला ही घडी लागेल, धार लागणार नाही.

घडीचं दुसरं काम ताठपणाचं. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांवर नुसतं उभं असतं तेव्हा सेकंदाला २५ धक्के देतं. लांबलचक, सपाट पट्टीवर टांगलेलं मीटर नेमकं त्याच तालात डोलायला लागलं तर काटा पुसट होतो, आकडा वाचता येत नाही, आणि काही दिवसांनी पट्टीच तुटते. घडी पडली की पत्र्याचा स्वतःचा ताल त्या धक्क्यांच्या खूप वर जातो. ब्रॅकेट आखूड ठेवायचं आणि दोन नव्हे, तीन बोल्टवर बसवायचं तेही याचसाठी. बोटाने टिचकी मारून ऐका: सपाट पट्टी थरथरत राहते, घडी घातलेली लगेच थांबते.

रंगाला इथे कमी लेखू नका. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला घाटघर-रतनवाडीकडे पावसाळ्यात महिनोन्‌महिने पत्रा सुकतच नाही. पडदे लावलेल्या जीपमध्ये ओल आतपर्यंत येते. तेलाचा हात पुसून, कडा घासून, रेड ऑक्साइडचा थर, तो पुरता वाळल्यावर काळा मॅट रंग. चकचकीत रंग छान दिसतो, पण दुपारी त्याची तिरीप थेट ड्रायव्हरच्या डोळ्यांत जाते. भोकांच्या आतल्या कडाही रंगवायच्या. गंज तिथूनच शिरतो.

रंग लागला की आणखी एका गोष्टीची आठवण ठेवायची. विजेवर चालणाऱ्या मीटरला अर्थिंग लागतं, आणि जुन्या पत्र्याच्या डॅशमध्ये ते ब्रॅकेटमधूनच मिळेल असं सगळे धरून चालतात. रंग वीज वाहू देत नाही. अर्थिंग कच्चं राहिलं की मीटर बंद पडत नाही, ते चुकीचा आकडा दाखवतं, आणि बंद मीटरपेक्षा ते वाईट. म्हणून अर्थिंगची वायर स्वतंत्र ओढून चॅसिसला घट्ट करायची. काट्याचा खरेपणा असा पत्र्यापासून, रंगापासून, एका वायरच्या टोकापासून सुरू होतो.

ऑइल प्रेशरचं मीटर आपण यांत्रिक घेतलं आहे. त्याच्या आत वळवलेली एक चपटी नळी असते. तेलाचा दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते आणि तेवढ्या हालचालीवर काटा फिरतो. एझेन बूर्दों नावाच्या फ्रेंच माणसाने १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं, आणि आजही कॉम्प्रेसरपासून स्टीमच्या बॉयलरपर्यंत तीच नळी काम करते. पण याचा अर्थ इंजिनचं गरम तेल बारीक पाइपातून ड्रायव्हरच्या पायाच्या वर येऊन थांबलेलं असतं. पाइप जिथे पत्र्यातून जातो तिथे रबरी ग्रोमेट हवाच. पत्र्याच्या धारेवर घासत राहिलेला पाइप कधीतरी कापला जाणार, आणि तो घाटात कापला जाऊ नये. तापमानाच्या मीटरची केशनळी असेल तर तिला कुठेही करकचून मोड नको. जादा लांबी कापायची नसते, सैल वेटोळं करून बांधून ठेवायची असते.

आता बसवणं. दोन्ही मीटर भोकात टाका, पण मागचा क्लॅम्प अजून आवळू नका. गोल भोकाने आपल्याला एक मोकळीक दिली आहे: मीटर हवं तसं फिरवता येतं. गाडी पुरती तापेपर्यंत चालू ठेवा. पाणी नेहमीच्या तापमानावर आलं की ते मीटर असं फिरवा की काटा सरळ वर, बाराच्या दिशेला राहील. ऑइलचंही तसंच, चालत्या गाडीत असतो त्या दाबाला. आकडे वाकडे दिसतील, दिसू द्या. शर्यतीच्या गाड्यांत असंच करत आले आहेत. दोन काटे उभे म्हणजे सगळं ठीक. एक कलला की आकडा वाचायच्या आधीच डोळ्याला कळतं. मघाशी ज्या एका सेकंदाचा हिशेब मांडला, त्यातला मोठा हिस्सा इथे वाचतो, आणि त्याला खर्च काही येत नाही. आता क्लॅम्प आवळा. बोल्टला स्प्रिंग वॉशर.

रात्रीचाही विचार करा. मे संपता संपता, वळवाच्या सरी झाल्या की भंडारदरा-घाटघरच्या झाडांवर काजवे चमकू लागतात आणि गाड्यांची रीघ लागते. अंधाराला डोळा पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. मीटरमधला भगभगीत पांढरा एलईडी ती सवय क्षणात मोडतो आणि काचेवर तरंगत राहतो. मंद दिवा निवडायचा, पार्किंग लाइटच्या वायरवर घ्यायचा, मध्ये फ्यूज टाकायचा.

एवढं झालं की ब्रॅकेटकडे शेवटचं निरखून बघा, कारण यापुढे त्याच्याकडे कुणी बघणार नाही. ते चांगलं जमलं असेल तर ड्रायव्हरला काटेच दिसतील.

पुढचं काम ड्रायव्हरसोबत. गाडी उतारूंनी भरलेली असताना विठा घाटाच्या माथ्यावर पाणी किती अंशांवर जातं ते त्याने उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यात एकदा बघून ठेवायचं. गाडी उभी ठेवून गरम इंजिन मंद चालू असताना ऑइलचा काटा कुठवर उतरतो तेही. प्रत्येक गाडीचा नेहमीचा आकडा वेगळा असतो आणि तो माहीत असल्याशिवाय चढता काटा ओळखू येत नाही. काटा चढू लागला तर गाडी बाजूला घ्यायची, इंजिन थोडा वेळ मंद चालू ठेवायचं, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. हे आकडे ऑइल पेंटने सन वायझरच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. नेहमीचा ड्रायव्हर आजारी पडला आणि बदली ड्रायव्हर गाडी घेऊन निघाला, तर किल्ली देताना त्याला ते दाखवा.